कावळेकुळातील साधनवापर

कोर्व्हिडे कुळातील पक्ष्यांनी काडी, पान, दगड अशी सुटी वस्तू चोचीत धरून अन्नापर्यंत पोहोचण्याचे वर्तन. गावकावळा, डोमकावळा व टकाचोर हे याच कुळातले.

या कलेत सर्वांत तरबेज न्यू कॅलिडोनियन कावळा. संशोधक गॅव्हिन हंट यांनी 1996 मध्ये त्याची हत्यारे वर्णिली. केवड्याच्या जातीच्या काटेरी पानाची कड तो पायरीपायरीने कापतो. पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती होते आणि कडेचे काटे आयतेच आकड्याचे काम करतात. ती लाकडाच्या फटीत घालून तो किडे ओढतो. ऑक्सफर्डमधल्या याच जातीच्या ‘बेटी’ नावाच्या मादीने सरळ तार वाकवून नळीतली छोटी बादली उचलली (2002). हवाई बेटांवरच्या कावळ्यातही साधनवापराचे कसब 2016 मध्ये सिद्ध झाले. तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीची परीक्षा इंग्लंडमध्ये 2009 साली झाली: रूक या कावळेकुळातल्याच पक्ष्यांनी नळीत खडे टाकून पाणी वर आणले, तेही तरंगती अळी मिळवण्यासाठी, तहान भागवण्यासाठी नव्हे.

पानिपतपासून मुंबईच्या चाळींपर्यंत सर्वत्र आढळणारा गावकावळा हुशार खरा, पण हत्यारे घडवणारा म्हणून त्याची ख्याती नाही. मुंबईत तो तारांची घरटी बांधतो. रूढ व्याख्येनुसार घरटे हे साधन नव्हे. कौतुकाच्या भरात हा फरक हमखास निसटतो.