सिकलसेल हिमोग्लोबिनमधील अवशेष-संपर्क

सिकलसेल हिमोग्लोबिनमधील अवशेष-संपर्क म्हणजे सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या शेजारशेजारच्या रेणूंमधील विशिष्ट अमिनो आम्लांचा होणारा निकटचा स्पर्श होय. या स्पर्शांमुळे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात आणि तांबड्या रक्तपेशीचा आकार विळ्यासारखा होतो. प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेतील असे स्पर्श शोधून त्यांचा अर्थ लावण्याच्या पद्धतीला अवशेष-संपर्क विश्लेषण म्हणतात. भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. एकाच संपर्काने आजार कसा घडतो आणि तो संपर्क ओळखल्याने उपचाराची दिशा कशी सापडते, याचे हे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे.

संज्ञेचा अर्थ

'अवशेष' या शब्दाने मराठी वाचकाचा थोडा गोंधळ होण्याचा संभव आहे. पवनी येथील प्राचीन स्तूपांचे अवशेष असे म्हणताना भग्न वास्तूचा उरलेला भाग अभिप्रेत असतो. रसायनशास्त्रात मात्र त्यात मोडतोडीचा अर्थ नाही. दोन अमिनो आम्ले साखळीत जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तो गेल्यावर प्रत्येक आम्लाचा जो भाग साखळीत शिल्लक राहतो, तो अवशेष. अवशेषांना साखळीच्या एका टोकापासून क्रमांक दिले जातात. साखळीत एकमेकांपासून दूर असलेले दोन अवशेष, साखळीच्या घड्या पडल्यावर, अवकाशात अगदी लगत येऊ शकतात. संपर्काचा विचार करावा लागतो तो यामुळेच.

संपर्क कसा ठरवतात

प्रथिनाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवून त्यातील प्रत्येक अणूचे स्थान ठरवता येते. अशा रचनांची नोंद १९७१ साली स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत ठेवली जाते व ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध असते. अणूंची स्थाने हाती आली की कोणत्याही दोन अवशेषांमधील अंतर काढणे हे शालेय भूमितीचे काम आहे.

हे अंतर अँगस्ट्रॉम या एककात मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग. दोन अवशेषांतील हायड्रोजनखेरीज कोणतेही दोन अणू साधारण ४ ते ५ अँगस्ट्रॉमच्या आत असल्यास संपर्क आहे असे मानण्याची एक रीत आहे. दुसऱ्या रीतीत प्रत्येक अवशेषातील एकच ठरावीक कार्बन अणू घेऊन ८ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावतात. मर्यादा बदलली की संपर्कांची संख्याही बदलते, म्हणून ती सांगितल्याशिवाय आकडा देणे निरर्थक ठरते. केवळ अंतरही पुरेसे नसते. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण आणि पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या जलविरोधी गटांचे एकत्र येणे, असे स्पर्शाचे वेगवेगळे प्रकार आहेत.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अवशेष, म्हणजे एका रेणूत एकूण ५७४ अवशेष असतात. त्यांच्या १,६४,४५१ जोड्या होतात. ही तपासणी संगणक क्षणात करतो. सिकलसेलमध्ये मात्र निर्णायक संपर्क एका रेणूच्या आत नसून दोन रेणूंच्या मध्ये असतो. त्यामुळे स्फटिकातील शेजारी रेणूही हिशेबात घ्यावे लागतात.

एका अवशेषातील बदल

हा आजार रेणूच्या पातळीवरचा आहे, हे लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते, असे त्यांना आढळले. हा फरक नेमका कशाचा आहे, ते व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिज येथे १९५६-५७ मध्ये शोधले. बीटा साखळीतील ६ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. बाकीची साखळी जशीच्या तशी असते. (नव्या नोंदींत साखळीच्या आरंभीचे मेथिओनिन मोजून हेच स्थान ७ वे म्हणून लिहिलेले आढळते.)

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलीन जलविरोधी आहे. रेणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असल्यामुळे ते पाण्यात उघडे पडते आणि पाण्यापासून आडोसा शोधते. हा आडोसा शेजारच्या रेणूत मिळतो.

निर्णायक संपर्क

सिकलसेल हिमोग्लोबिनच्या स्फटिकाची रचना वॉर्नर लव्ह यांच्या गटाने १९७५ साली प्रथम मांडली. १९८५ मध्ये ती अधिक स्पष्ट झाली आणि १९९७ मध्ये सुमारे २ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने उपलब्ध झाली. तीत रेणूंच्या दोन रांगा एकमेकींना लागून उभ्या दिसतात. एका रांगेतील रेणूचे ६ व्या स्थानचे व्हॅलीन दुसऱ्या रांगेतील रेणूच्या बीटा साखळीवरील खोबणीत बसते. ही खोबण मुख्यतः ८५ व्या स्थानचे फेनिलअॅलॅनिन व ८८ व्या स्थानचे ल्युसीन या दोन जलविरोधी अवशेषांनी बनलेली असते. खोबण निरोगी हिमोग्लोबिनमध्येही असतेच. तिथे फक्त तीत बसायला काही नसते.

प्रत्येक रेणूत बदललेली व्हॅलीन दोन असतात, पण या आडव्या संपर्कात त्यांपैकी एकच भाग घेते. अशा सात जोडरांगा, म्हणजे चौदा रांगा, एकमेकींभोवती पिळल्या जाऊन एक तंतू होतो. त्याचा व्यास सुमारे २१० अँगस्ट्रॉम असतो.

ऑक्सिजन घेतलेल्या अवस्थेत चारही साखळ्यांची परस्परांतील ठेवण बदलते व शेजारी रेणू असे जुळत नाहीत. म्हणून तंतू बनतात ते ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे. ते बनण्यास काही काळ लागतो आणि पेशीतील हिमोग्लोबिन थोडेसे दाट झाले तरी हा विलंबकाळ अनेक पटींनी घटतो. शरीरातील पाणी कमी झाल्यास पेशीही आकसतात. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, हा आरोग्यसेवकांचा साधा वाटणारा सल्ला याच कारणाने महत्त्वाचा आहे. भर उन्हात शेतात राबणाऱ्यांच्या बाबतीत तर विशेषच.

इतर बदलांवरून मिळालेला पुरावा

स्फटिकात दिसलेला संपर्क पेशीतही तितकाच महत्त्वाचा असेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याची खात्री निसर्गतः आढळणाऱ्या इतर हिमोग्लोबिनांवरून झाली. हिमोग्लोबिन-सी मध्ये त्याच ६ व्या स्थानी लायसीन असते. ते विद्युतभारित असल्याने खोबणीत बसत नाही व सिकलसेलसारखे तंतू होत नाहीत. कोर्ले बू या प्रकारात ७३ व्या स्थानचे अॅस्पार्टिक आम्ल बदललेले असते. हा अवशेष व्हॅलीनच्या संपर्काशेजारीच शेजारच्या साखळीतील ४ थ्या स्थानच्या थ्रिओनिनशी हायड्रोजन बंध करतो. तो बंध नाहीसा झाल्यावर तंतू बनण्याची प्रवृत्ती कमी होते.

सर्वांत मोलाची साक्ष गर्भीय हिमोग्लोबिनची आहे. बीटा साखळीच्या जागी असलेल्या त्याच्या गॅमा साखळीत ८७ व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असते. हे स्थान खोबणीच्या अगदी लगत आहे, आणि गर्भीय हिमोग्लोबिन तंतूच्या वाढीत अडथळा आणते.

विदर्भ व भंडारा जिल्हा

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. नागपूर परिसरातील आढळाविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्व विदर्भात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती तसेच इतर मागासवर्गांतील काही समाजांत हा आजार आढळतो. राज्याच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात भंडारा जिल्ह्याचा समावेश आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले.

गावपातळीवर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जी सोल्युबिलिटी चाचणी केली जाते, ती या संपर्काचीच चाचणी आहे. नळीतील द्रावणात सोडियम डायथायोनाइट असते. ते ऑक्सिजन काढून घेते. सिकलसेल हिमोग्लोबिनचे रेणू मग एकमेकांना चिकटतात, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा होतात. मात्र या चाचणीत वाहक (एएस) व रुग्ण (एसएस) यांतील भेद कळत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. विवाहापूर्वी केवळ 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' विचारून थांबणे त्यामुळे अपुरे ठरते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सहा महिन्यांखालील बाळात ही चाचणी फसवी ठरू शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन अद्याप भरपूर असते.

मध्य भारतात सिकलसेलचा जो जनुकीय प्रकार आढळतो, त्यास अरब-भारतीय प्रकार म्हणतात. त्यात गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक राहते. यावरून भारतीय रुग्णांचा आजार सौम्यच असतो, असा समज रूढ झाला. तो सरसकट खरा नाही. विदर्भातील अनेक रुग्णांना तीव्र वेदनांचे झटके व वारंवार रक्त देण्याची गरज भोगावी लागते.

उपचारांशी संबंध

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. व्हॉक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत टिकवते. त्यास अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली होती, परंतु सुरक्षिततेच्या प्रश्नावरून २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. प्रयोगशाळेत संपर्क रोखला गेला म्हणजे रुग्ण सुधारतोच असे नाही, हे यावरून दिसते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. एकात रुग्णाच्या पेशींतील जनुक-संपादनाने गर्भीय हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू करतात. दुसऱ्यात बीटा साखळीचे एक नवे जनुक घातले जाते. त्यात ८७ व्या स्थानी थ्रिओनिनच्या जागी मुद्दाम ग्लुटामिन ठेवलेले असते, म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिनमधील तोच अवशेष प्रौढ साखळीत आणलेला असतो. या उपचारांचा खर्च प्रत्येक रुग्णामागे वीस लाख डॉलरहून अधिक आहे.