कंपायलर त्यांचा, प्रोग्राम कोणाचा?

जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून एक प्रश्न हमखास निघतो: त्यात तयार केलेला आपला प्रोग्रामही खुला करावा लागतो का?

शंका रास्त आहे. कंपायलर हा दुभाषा खरा, पण तो पदरचेही थोडे घालतो. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांचा भागाकार एका दमात जमत नसेल, तर जीसीसी लिबजीसीसी या आपल्या लायब्ररीतला तयार तुकडा जोडून देतो. म्हणजे त्यांचा कोड तुमच्या घरात आलाच! म्हणून त्या लायब्ररीला जीपीएल लायसन्समध्ये खास सूट आहे. बायसन या भावंडाला ती नव्हती. १.२४ आवृत्तीपूर्वी त्याने बनवलेला पार्सर बंदिस्त प्रोग्राममध्ये वापरता येत नसे.

स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने वेगळी शक्कल काढली. जीसीसीला जोडलेला आपला ऑब्जेक्टिव्ह-सीचा भाग बंद फाइलींत द्यायचा, जोडणी ग्राहकाने करायची. स्टॉलमन यांनी वकिलाला विचारले आणि नकार दिला. नेक्स्टने तो भाग खुला केला. रनटाइम लायब्ररी मात्र हातची सोडली नाही. ती ग्नूवाल्यांना स्वतः लिहावी लागली. अटीपुरते दिले, वर तसूभर नाही.

पुढे जीसीसीत प्लगइन आणायचे ठरले, तेव्हा हीच चोरवाट पुन्हा दिसू लागली. २००९ मध्ये सुटीचा मसुदा नव्याने लिहिला गेला. जीसीसीतली अर्धवट प्रक्रिया झालेली माहिती बाहेर काढून बंदिस्त साधनातून फिरवली, तर सूट रद्द. एरवी तुमचा प्रोग्राम खुशाल बंद ठेवा आणि विका. फौजी नजरेने सांगतो, दारावर पहारा कोणीही लावतो. यांनी आधी चोरवाट अडवली, मगच २०१० च्या ४.५ आवृत्तीत प्लगइनला दार उघडले.

पण पहाऱ्याची किंमत पडतेच. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली आणि ॲपल, ज्यांनी नेक्स्ट केव्हाच विकत घेतली होती, जीसीसी ४.२ च्या पुढे गेलेच नाहीत. त्यांनी इलिनॉय विद्यापीठात जन्मलेल्या एलएलव्हीएमला बळ दिले. त्याच्या लायसन्समध्ये कोड घेऊन बंद करण्याची मुभा आहे. २०१३ च्या एक्सकोड ५ मध्ये जीसीसी उरला नव्हता. एलएलव्हीएमची हकिगत पुढच्या भागात.