जोर-बैठकांचा हिशेब

चारठाण्यात इतिहास म्हटलं की आपली नजर आधी दगडाकडे जाते. जुनी मंदिरं, तो उंच स्तंभ. आज मात्र ज्याचा दगड उरत नाही, अशा गोष्टीबद्दल बोलू या. तालमीत पिढ्यान्‌पिढ्या मोजलेल्या जोर-बैठका गेल्या कुठे?

आपल्याच मुलखातलं उदाहरण घेऊ. समर्थ रामदास जांबचे. जन्म १६०८ चा. नाशिकजवळ टाकळीला ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. आकडा बाराशेच का? सूर्याची नावं बारा. दर नमस्काराला एक नाव घेतलं की बारांचं एक आवर्तन होतं. अशी शंभर झाली की बाराशे. मंत्र हेच मोजमाप असावं, असं आम्हाला वाटतं. कागदाची गरजच नाही.

तालमीतही तसंच. जोर मारायचे ते स्वतःच्या अंगाच्या वजनावर. ते वजन रोज जवळपास तेवढंच, म्हणून वाढवायची ती संख्या. काल शंभर, आज एकशे पाच. एवढं डोक्यात राहतं. आणि अर्धवट जोर मोजू न देणारे वस्ताद समोर उभे.

लोखंडानं हा हिशेब बदलला. १९४५ साली थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांसाठी वजन क्रमाक्रमानं वाढवण्याची पद्धत मांडली. पुढे १९४८ मध्ये तिचं रूप ठरलं: दहा-दहाचे तीन सेट, पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आता वजन, वेळा आणि सेट असे तीन आकडे झाले. मागच्या आठवड्याचे तीन आकडे डोक्यात राहात नाहीत हो! म्हणून वही आली, आणि आता मोबाईलमधलं अ‍ॅप.

जिममध्ये पोरगं सेट मारून बाकावर बसतं आणि अंगठ्यानं टिपतं: चाळीस किलो, आठ वेळा. मोठी माणसं हसतात, हा व्यायाम की किराणा दुकानाची खतावणी? आम्ही हसत नाही. आठवी वेळ अर्धवट राहिली तर सात लिहायचं की आठ, हे त्याला स्वतःशी ठरवावं लागतं. वस्तादांचं काम तिथं त्याच्या बोटावर येतं.

बडोद्याहून १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. व्यायाम कसा करावा, हे त्यात सापडतं. पण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आपल्या या गावांत, सुगीच्या दिवसांत, शेतातून थकून आलेल्या गड्यानं किती बैठका मारल्या, हे कुठे सापडणार? राजांचे आकडे टिकले, गड्यांचे गेले.

अ‍ॅपवर तरी विसंबू नका. फोन बिघडला, कंपनी बंद पडली, की तेही गेलंच. महिन्यातून एकदा आकडे वहीत उतरवा, तारीख घाला. आणि आज घरी गेल्यावर आजोबांना विचारा, तुम्ही किती मारायचात? तो आकडा पहिल्या पानावर लिहा.