दुखणं किती, हे कोणी सांगायचं?

मंडळी, न्हावा शेव्याचा इतिहास म्हटला की आपण जानेवारी १९८४ पासून सुरुवात करतो. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. मग १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. आज याच वर्षांतली दुसरी गोष्ट बघू, दुखण्याची.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: दुखणं किती, हे रुग्णच सांगणार, आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा. पुढे शून्य ते दहा हा आकडा विचारायची पद्धत रुळली. पण आपल्या उरण-पनवेलकडची आजी आकडा कशाला सांगेल? ती म्हणते ठणकतंय, आग होतेय, चमक मारते, कळ येऊन जाते. जाणत्या सिस्टरला एवढं पुष्कळ असतं. ठणका म्हटलं की ती सूज, पू बघते. आग, मुंग्या, चमक म्हटलं की शिरेचं दुखणं असेल, साध्या गोळीने भागणार नाही, हे डॉक्टरांच्या कानावर घालते. आणि काही बायका तर काहीच बोलत नाहीत, सोसायची सवय! तिथे कूस बदलताना चेहरा कसा होतो, रात्री डोळा लागला का, हे बघावं लागतं.

बरं, ओळखलं. पुढे? १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या सांगितल्या. वरच्या पायरीवर मॉर्फिन. त्याच वर्षी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. पण आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांचं जंजाळ आणि तुरुंगाची भीती. दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कायदेशीर अफू पिकवणारा आपला देश, आणि आपल्याच रुग्णाला गोळी मिळेना! आमच्या मते ही त्या दशकातली सर्वांत मुकी शिक्षा होती. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं.

आता कपाटात मॉर्फिन असलं, तरी काम संपत नाही. गोळी दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे द्यायची. सोबत पोट साफ राहायचं औषध द्यायचं, श्वास आणि गुंगी बघायची, वहीत नोंद करायची. आणि तासाभराने परत त्या खाटेपाशी जाऊन विचारायचं, "आजी, आता कसं वाटतंय?" रात्रपाळीला एकटी सिस्टर असली की नेमकी हीच फेरी राहून जाते.