पीकपद्धती व प्रकाशसंश्लेषण

एका शेतात कोणती पिके, कोणत्या हंगामात, कोणत्या क्रमाने आणि ओळींच्या किती प्रमाणात घ्यावयाची याच्या मांडणीस पीकपद्धती म्हणतात. सलग पीक, मिश्रपीक, आंतरपीक, दुबार पीक व फेरपालट हे तिचे मुख्य प्रकार होत. पिकांच्या पानांत हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड स्थिर होण्याचे तीन मार्ग आहेत; ते सी-3, सी-4 व कॅम या नावांनी ओळखले जातात. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात तृणधान्य व कडधान्य एकत्र पेरण्याची जी जुनी चाल आहे, तीत बहुधा सी-4 आणि सी-3 पिके शेजारी येतात. अशा जोडीच्या यशाचे श्रेय केवळ या मार्गभेदाला देण्याची प्रथा आहे. परंतु पिकांचा कालावधी, पाने पसरण्याचा वेग आणि जमिनीतील ओल यांचा वाटा बहुतेक ठिकाणी त्याहून मोठा असतो.

सी-3 मार्ग : या मार्गात रुबिस्को या विकराच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड थेट स्थिर होतो व पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बन अणूंचा असतो. मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन व जेम्स बॅशॅम यांनी बर्कली येथे किरणोत्सर्गी कार्बन वापरून हे चक्र उलगडले. त्यासाठी 1961 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या कॅल्व्हिन यांना मिळाले. रुबिस्को ऑक्सिजनशीही संयोग पावतो. त्यामुळे प्रकाशश्वसन घडते आणि उष्ण हवेत स्थिर झालेल्या कार्बनाचा चौथा हिस्सादेखील वाया जाऊ शकतो. गहू, भात, तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, कापूस, करडई, सूर्यफूल, कांदा, बटाटा आणि जवळजवळ सर्व फळझाडे सी-3 गटात मोडतात.

सी-4 मार्ग : या वनस्पतींच्या पानांत शिरांभोवती ठळक पेशींचे कडे असते. जर्मन भाषिक वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले, मात्र त्याचे कार्य बराच काळ अज्ञात राहिले. हवाईतील ऊस मळेवाल्यांच्या संस्थेत ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट व जॉर्ज बर यांना उसाच्या पानांत आधी चार कार्बनांची आम्ले तयार होताना दिसली. हे निष्कर्ष 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. सोव्हिएट संघात यू. एस. कार्पिलोव्ह यांनी 1960 मध्ये मक्याबाबत तसेच नोंदले होते. ब्रिस्बेनमधील एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्शल हॅच व रॉजर स्लॅक यांनी 1966 पासून या मार्गाची संगती लावली. शोधाचा अग्रक्रम कोणाचा, याविषयी लेखकांत एकमत नाही.

या मार्गात बाहेरच्या पेशी कार्बन डाय-ऑक्साइड पकडून आतल्या कड्यात पोचवितात. तेथे त्याचे प्रमाण वाढल्यामुळे रुबिस्कोची ऑक्सिजनशी गाठ क्वचितच पडते. या वाहतुकीला ऊर्जेची किंमत मोजावी लागते : एक कार्बन डाय-ऑक्साइड रेणू स्थिर करण्यास सी-3 मध्ये एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे 3 रेणू लागतात, सी-4 मध्ये 5. म्हणून थंडीत किंवा दाट सावलीत सी-4 वनस्पतीला फायदा राहत नाही. साधारणतः 25° ते 30° से. या टप्प्याच्या वर मात्र तिचे पारडे जड होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी, वरी, राळा, कोद्रा ही गवतवर्गीय पिके सी-4 आहेत. द्विदल पिकांत राजगिरा हे ठळक उदाहरण होय.

एक ग्रॅम शुष्क पदार्थ तयार करण्यास सी-3 पिकांना ढोबळमानाने 450 ते 950 ग्रॅम, तर सी-4 पिकांना 250 ते 350 ग्रॅम पाणी लागते. सौर ऊर्जेचे जैवपदार्थात रूपांतर होण्याची सैद्धांतिक कमाल मर्यादा 30° से. तापमानाला सी-3 साठी सुमारे 4.6 टक्के व सी-4 साठी 6 टक्के मानली जाते. प्रत्यक्ष शेतात दोन्ही आकडे याहून बरेच खाली असतात.

कॅम मार्ग : या वनस्पतींची पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपाने साठतो व दिवसा वापरला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतातील पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळच्या सुमारास किंचित कडवट लागतात असे कळविले. हे पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीच्या वृत्तांतात 1815 मध्ये छापले गेले. पिकांत अननस व घायपात यांचा समावेश होतो.

ज्वारी–तूर आंतरपीक : या विषयावरील विस्तृत मापने हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट (स्थापना 1972) या आंतरराष्ट्रीय संस्थेत झाली. आर. डब्ल्यू. विली व एम. नटराजन यांचे ज्वारी–तूर प्रयोगांवरील निबंध 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्वारीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ, आणि प्रत्येक पिकाची रोपसंख्या सलग पिकाइतकी, ही मांडणी त्यांत लाभदायक ठरली. ज्वारीचे उत्पन्न सलग पिकाच्या जवळपास राहिले. तुरीचे सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश आले.

अशा लाभाचे माप म्हणजे जमीन समतुल्यता गुणोत्तर. आंतरपिकातील प्रत्येक पिकाच्या उत्पन्नास त्याच्या सलग पिकाच्या उत्पन्नाने भागून येणाऱ्या अपूर्णांकांची ही बेरीज असते. ज्वारीचा अंश 0.9 व तुरीचा 0.7 धरल्यास गुणोत्तर 1.6 येते, म्हणजे आंतरपिकाच्या 1 हेक्टरइतके उत्पन्न सलग पिकांतून काढण्यास 1.6 हेक्टर जमीन लागेल.

लाभाचे मुख्य कारण वेळापत्रकात आहे. तूर पहिले सहा-आठ आठवडे फारशी वाढत नाही. त्या अवधीत ज्वारी झपाट्याने वाढून बहुतेक प्रकाश अडविते व साधारण साडेतीन महिन्यांत काढणीस येते. कणसे व कडबा शेताबाहेर गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत तूर फांद्या फोडते आणि काळ्या जमिनीतील खोल ओलीवर आणखी अडीच-तीन महिने उभी राहते. सलग तुरीत जो प्रकाश सुरुवातीला उघड्या जमिनीवर पडून वाया जातो, तो येथे धान्यात उतरतो. दोन्ही पिकांना एकाच वेळी प्रकाश वाटून घ्यावा लागतो असा काळ थोडाच असतो. त्यामुळे सी-4 आणि सी-3 यांतील फरक या जोडीत दुय्यम ठरतो. कमी दिवसांच्या संकरित ज्वारीमुळे ही मांडणी अधिक सोयीची झाली. भारतातील पहिला संकरित ज्वारी वाण सीएसएच-1 हा 1964 मध्ये प्रसारित झाला. उथळ, हलक्या जमिनीत पावसानंतर ओल टिकत नसल्याने लाभ घटतो.

जमीन समतुल्यता गुणोत्तरावर एक आक्षेप घेतला जातो : ते काळाचा हिशेब ठेवत नाही. सलग ज्वारीचे शेत लवकर मोकळे होते व भारी जमिनीत तेथे रब्बीचे पीक घेता येते. काळ धरून काढलेली गुणोत्तरे सामान्यतः कमी भरतात. मात्र जेथे दुसऱ्या पिकास पुरेशी ओल नसते तेथे हा आक्षेप फारसा लागू पडत नाही.

बाजरी–भुईमूग आंतरपीक : मार्गभेदाचा खरा उपयोग दिसतो तो या जोडीत, कारण दोन्ही पिकांच्या कालावधीत अंतर थोडे असते. इक्रिसॅटमध्ये एम. एस. रेड्डी व विली यांनी बाजरीची एक व भुईमुगाच्या तीन ओळी अशी रचना अभ्यासली (प्रसिद्धी 1981). एकूण शुष्क पदार्थ अपेक्षेपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने अधिक आला. अडविलेल्या प्रकाशाचे प्रमाण तितके वाढले नव्हते; अडविलेल्या प्रकाशाचा वापर सुधारला होता. सी-3 पानाची प्रकाश वापरण्याची क्षमता प्रखर उन्हाच्या बऱ्याच खाली संपृक्त होते, सी-4 पानाची सहसा होत नाही. वरच्या थरातील बाजरीने पूर्ण ऊन घेतले व खालच्या भुईमुगाला त्याच्या क्षमतेला पेलेल असे मंद ऊन मिळाले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

सोयाबीन–तूर, कापूस–मूग, कापूस–उडीद : या जोड्यांतील सर्व पिके सी-3 आहेत. विदर्भ व मराठवाड्यात खरीप ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन पसरल्यानंतर ज्वारी–तुरीची जागा अनेक ठिकाणी सोयाबीन–तुरीने घेतली. मार्ग एकच असूनही ही पद्धत टिकून आहे, कारण सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते आणि तूर मागे राहते. कापसातील मूग-उडदाचेही तसेच आहे.

नत्र : सी-3 पानातील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत हिस्सा रुबिस्कोचा असतो, सी-4 पानाचे त्याच्या लहान अंशावर भागते. त्यामुळे तेवढ्याच नत्रात सी-4 पीक अधिक कार्बन स्थिर करते. शेजारच्या कडधान्याकडून तृणधान्याला त्याच हंगामात किती नत्र मिळते याविषयी निष्कर्ष विसंगत आहेत. पुढच्या पिकाला मिळणारा बेवड अधिक सर्वमान्य आहे.

रब्बी ज्वारी : सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी साठलेल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते. मोहोळ येथील निवडीतून आलेली मालदांडी 35-1 ही तिची प्रसिद्ध जात. सी-4 पीक थंडीच्या दिवसांत घेतले जात असल्याने मार्गाचा तापमानजन्य लाभ येथे कमी असतो, पाणीवापरातील काटकसर मात्र उपयोगी पडते. सोलापूर येथे 1933 मध्ये सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनातून रुंद अंतरावर विरळ पेरणी, बांधबंदिस्ती व वारंवार कोळपणी यांवर आधारित ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ पुढे आली; कोरडवाहू शेतीवरील एन. व्ही. कानिटकर यांचा ग्रंथ 1944 चा आहे. प्रकाशसंश्लेषणाचे सी-3 व सी-4 असे वर्गीकरण तेव्हा अस्तित्वात नव्हते आणि पद्धतीचा सर्व भर ओलीवर होता.

ऊस : सी-4 म्हणजे कमी पाण्याचे पीक, या समजुतीला ऊस हा मोठा अपवाद वाटतो, वस्तुतः तो अपवाद नाही. प्रतिकिलो शुष्क पदार्थास लागणारे पाणी उसातही कमीच असते. परंतु सुरू ऊस सुमारे 12 महिने व आडसाली 16 ते 18 महिने शेतात उभा असतो, आणि त्यातून निघणारा जैवपदार्थ प्रचंड असतो. त्यामुळे प्रतिहेक्टरी गरज मोठी होते. लागणीनंतरचे तीन-चार महिने पाने सरीतील जागा झाकत नाहीत. त्या अवधीत पट्टा पद्धतीच्या उसात कांदा, बटाटा, कोबी, हरभरा, भुईमूग ही कमी मुदतीची सी-3 पिके घेतात.

तणे : हरळी व लव्हाळा सी-4 आहेत, भातासारख्या सी-3 पिकात उष्ण हंगामात ती वरचढ होतात. घोळ या भाजीच्या वनस्पतीत सी-4 व कॅम हे दोन्ही मार्ग आढळतात. गाजरगवत सी-3 व सी-4 यांच्या मधले मानले जाते.

कोकण व गोवे : भाताच्या मळ्यांत मागाहून अंगच्या ओलीवर वाल, कुळीथ, तर वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी, वरी घेतात. गोव्यातील कुळागरांत (मिश्र बागांत) सुपारी, माड, मिरी, केळ व जायफळ या सी-3 वनस्पती निरनिराळ्या उंचीवर वाढतात. कॅम मार्गाचा अननस त्यांच्याखाली असतो.

हवामानबदल : हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत 420 भागांच्या वर गेले आहे. ते वाढल्यास सी-3 पिकांतील प्रकाशश्वसन घटते व उत्पादन वाढते. सी-4 पिकांत असा लाभ प्रामुख्याने अवर्षणातच दिसतो. धान्यातील प्रथिने व जस्त कमी होणे, तसेच तापमानवाढ, यांमुळे सी-3 पिकांचा निव्वळ लाभ किती उरेल हे पीक व प्रदेश यांवर अवलंबून राहते.

सी-4 भात : भातात सी-4 यंत्रणा आणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2008 पासून चालू आहे. त्यासाठी विकरांबरोबर पानाची अंतर्रचनाही बदलावी लागते. लागवडीयोग्य जात अद्याप तयार झालेली नाही.