न बांधलेल्या घरातून फेरफटका

१९६८ सालच्या वैशाखात शहापुरातल्या आमच्या मोकळ्या जागेवर गवंड्याने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि चुन्याची फक्की टाकून घर आखले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. गवंडी कानडी बोलणारा. वडील त्याच्याशी कानडीत बोलत आणि आमच्याशी मराठीत. नगरपालिकेत दिलेला नकाशा इंग्रजीत. तो आईने पाहिलाही नव्हता. पण आखणी झाल्यावर ती हातात परात घेऊन आली आणि रेघांच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. चुलीच्या जागेपासून वळली, माजघरात गेली, परत आली आणि म्हणाली, "अहो, परात घेऊन इथं वळताच येत नाही." वडिलांनी ते कानडीत सांगितले. गवंड्याने हसत एक खुंटी उपटली आणि हातभर पलीकडे ठोकली. भिंत हलली. खर्च झाला तो मूठभर फक्कीचा.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की त्याच १९६८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढवायचे एक यंत्र जगापुढे मांडले होते. दोन्ही डोळ्यांसमोर दोन छोट्या चित्रनलिका आणि डोके किती वळले हे मोजणारा, छताला टांगलेला दांडा. मान वळवली की समोरचे रेघांचे चित्रही त्या मानाने वळे. आज ज्याला आभासी वास्तव म्हणतात त्याचा उगम इथला. इकडे फक्कीच्या रेघा, तिकडे प्रकाशाच्या!

बांधण्याआधी वास्तू पाहण्याची धडपड त्याहून जुनी आहे. १६६६ च्या आगीत लंडनचे सेंट पॉल चर्च जळाले. नवे कसे असावे हे दाखवायला ख्रिस्तोफर रेन यांनी १६७३-७४ मध्ये ओक लाकडाचे सुमारे वीस फूट लांबीचे प्रतिरूप करवून घेतले. ते आजही जपून ठेवलेले आहे. धर्मगुरूंना तो आराखडा रुचला नाही आणि चर्च पुढे निराळे बांधले गेले. रेन यांना वाईट वाटले असेल, पण नापसंती कळली ती पाया खणण्याआधी. उणीव एवढीच, की प्रतिरूप लहान असते आणि आपण मोठे. पाहणारा बाहेरच राहतो.

त्याला आत नेले ते फ्रेडरिक ब्रूक्स यांनी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल ही इमारत व्हायची होती. ब्रूक्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नकाशावरून ती आधी संगणकात उभी केली. माणसाने जागच्या जागी फिरणाऱ्या पट्ट्यावर चालायचे, सायकलीसारख्या मुठीने वळायचे, आणि समोर दालने सरकत जायची. पुढे तिथे काम करणाऱ्यांना प्रवेशदालनातली एक आडभिंत अडचणीची वाटली. वास्तुविशारदांना ते पटेना. मग तेही त्या पट्ट्यावरून चालले आणि भिंत हलवायला राजी झाले. इमारत १९८७ मध्ये उघडली. ही हकीकत वाचताना मला आईची परात आठवली.

पण वळायला जागा असणे एवढ्यानेच घर सुखाचे होत नाही. उजेड आणि ऊन यांचाही हिशेब हवा. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचे गणित मांडले गेले. गंमत अशी, की ती रीत उष्णतेच्या शास्त्रातून उचललेली होती. १९८५ पासून कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी 'रेडियन्स' ही आज्ञावली रचत नेली. दिवसा खोलीत किती उजेड येईल, म्हणजे किती दिवे बंद ठेवता येतील, हे त्यातून आधी कळू लागले. २०१६ पासून डोळ्यांवर चढवायची साधने दुकानांत मिळू लागली. नळ तुळईला आडवा येतो का, हेही आता आधी दिसते. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो. तेव्हा एक भिंत बांधून, पाडून पुन्हा बांधणे हे केवळ मालकाच्या खिशाचे नुकसान नव्हे.

मात्र दुसऱ्याचा सूर्य उसना घेऊन भागत नाही. बेळगाव सोळा अंश अक्षांशाच्या किंचित खाली. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या माथ्यावर येतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे असतो. लंडनला किंवा चॅपेल हिलला असे कधीच होत नाही. शिवाय त्या साधनातून उजेड दिसतो, झळ लागत नाही. काचेची पश्चिम भिंत तिथे मोठी देखणी वाटते!

हे मी अनुभवाने सांगतो. १९९४ मध्ये आम्ही जुन्या घरावर मजला चढवला. खालच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. वरच्या विटेच्या, बारीक. नकाशा सुबक होता. मी त्यावर सही केली. गच्चीवर आखणी झाली तेव्हा आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, आणि तिला खुर्चीवर बसवून वर न्यावे हे मला सुचले नाही. नवे स्वयंपाकघर पश्चिमेला आले. उन्हाळ्यात चारच्या चहाला तिथे उभे राहवत नसे. तीन वर्षांनी खिडकी बुजवली, भिंत फोडली, ओटा फिरवला.

आई राडारोडा खाली येताना पाहत होती. "मला विचारलं असतंस तर?" एवढेच ती म्हणाली.

तिला तो इंग्रजी नकाशा वाचता आला नसता. पण चार पावले चालून तिने घर वाचले असते. आज नातवाच्या घराचा आराखडा संगणकावर तयार होतो आहे. तो चष्मा पहिल्यांदा मी माझ्या सुनेच्या डोळ्यांवर चढवायला सांगितले आहे, आणि तिच्या हाती परात द्यायलाही. १९९७ चा राडारोडा परड्यात विहिरीपाशी अजून पडून आहे.