उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे द्या

परवा शनिवारी माळा आवरत होतो. (आईचा फतवा. ‘लॅपटॉप बंद कर आणि शिडीवर चढ.’) जुन्या केबल्स, बंद पडलेला मिक्सर वगैरे नेहमीच्या मंडळींबरोबर एक जाडजूड वही हाती लागली. माझी नव्हे, दादाची. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. २०१२-१३ मध्ये तो पुण्यात राहून यूपीएससी करत होता, दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, आणि खोली बदलली की त्याचे खोके आमच्या माळ्यावर यायचे.

वहीत इंग्रजी पेपरांतल्या अग्रलेखांची कात्रणं चिकटवलेली. सबसिडी, कुपोषण, महागाई, शिक्षणाचा हक्क, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. प्रत्येक कात्रणाखाली पेन्सिलनं अवघड शब्द, त्यांचे मराठी अर्थ, आणि मग स्वतःच तयार केलेले चार-पाच प्रश्न. कोपऱ्यात वेळ लिहिलेली: ‘११ मि.’, ‘९ मि. ४० से.’ वगैरे. सकाळी साडेसहाला अभ्यासिकेत जाऊन घड्याळ लावून तो हे करायचा. सुरुवातीची पानं शब्दार्थांनी काळी झालेली, शेवटची बऱ्यापैकी कोरी. प्रगती म्हणतात ती हीच.

त्या वहीतला एक सराव पेपर मला चांगला आठवतो, कारण तो मीही सोडवला होता. मी तेव्हा अकरावीत. शाळा पहिल्यापासून इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे अंगात मस्ती. दादा म्हणाला, बघ रे, तुला किती येतात. आठ प्रश्नांपैकी माझे सात बरोबर आले, तेही त्याच्या निम्म्या वेळात. त्याचे चार. मी खूश, आणि तो हसत म्हणाला, ‘तूच दे परीक्षा.’

आता गंमत बघा. एक उतारा ग्रामीण रोजगार योजनेवर होता. मजुरी उशिरा का मिळते, असा प्रश्न. उताऱ्यात लिहिलं होतं की मजुरांची बँक खाती नाहीत म्हणून. मी तोच पर्याय निवडला. मला मस्टर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, रोजगार हमी हा शब्दही फक्त नागरिकशास्त्रात वाचलेला. दादानं ‘क’ निवडला: कामाचं मोजमाप वेळेवर होत नाही म्हणून. त्याचं उत्तर चूक. पण दादाचं गाव मराठवाड्यात. त्याच्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि त्या दुष्काळात वाढलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्यानं पक्की झाली. देशाचा रोजगार हमी कायदा आला २००५ मध्ये. म्हणजे दिल्लीला जे सुचायला पुढची अठ्ठावीस वर्षं लागली, ते दादाच्या घरात जेवताना बोललं जायचं. विषय त्याला माझ्यापेक्षा शंभर पटीनं कळत होता, आणि मार्क मला.

नियम तसा स्पष्ट आहे, उत्तर फक्त उताऱ्याच्या आधारे द्या. तुमचं ज्ञान दारात काढून ठेवा. हे कौशल्य फालतू आहे असं मी म्हणणार नाही. क्लायंटच्या रिक्वायरमेंटमध्ये काय लिहिलंय ते न वाचता ‘मला माहितीये त्यांना काय हवंय’ म्हणणारे लोक मी रोज बघतो, आणि त्यांचे बग मी रात्री अकराला सोडवतो. पण हे कौशल्य इंग्रजीतच का मोजायचं? आणि मुळात ही भानगड आली कुठून? किडा शिरला डोक्यात, रविवार त्यातच गेला.

सुरुवात अर्थातच मेकॉलेसाहेबांपासून. त्यांचं १८३५ चं मिनिट सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या कामाचा आहे तो १८५४ चा अहवाल. कंपनीच्या नोकरीत साहेबांच्या शिफारशीवर भरती चालायची, ती बंद करून खुली स्पर्धा परीक्षा घ्या, असं त्यांच्या समितीनं सांगितलं. त्यानुसार १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. समितीनं सुचवलेली गुणांची यादी बघण्यासारखी आहे. एकूण ६८७५. त्यात इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून १५००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. गणित १०००. संस्कृत ३७५, अरबी ३७५. मराठी, बंगाली, तमिळ? शून्य. त्या देशी भाषा निवड झाल्यावर शिकायच्या. म्हणजे ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची भाषा हा भरतीनंतरचा ट्रेनिंग मॉड्यूल!

कागदावर परीक्षा सर्वांना खुली. राणीच्या कुठल्याही प्रजाजनानं यावं, फक्त लंडनला यावं, आणि इंग्रजी शाळेत वाढलेल्या पोरांबरोबर इंग्रजी निबंध लिहावा. तरीही सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये निवडले गेले. १८६९ मध्ये चार हिंदी तरुण पास झाले, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यातल्या सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावं यादीतून काढली गेली. का? तर वय जास्त. आपल्याकडे तेव्हा वय चालू वर्षानं सांगायचे, ‘सोळावं लागलं’ म्हणजे सोळा. साहेब मोजायचा पूर्ण झालेली वर्षं. मॅट्रिकच्या कागदावर एक आकडा, लंडनच्या हिशोबात दुसरा. याला काय म्हणाल, कॉम्प्रिहेन्शनची चूकच की! फक्त इथे न कळणारा पक्ष परीक्षा घेणारा होता. सुरेंद्रनाथ कोर्टात गेले आणि दोघांनाही परत घ्यावं लागलं.

पुढे १८७८ पासून वयाची वरची मर्यादा एकोणीसवर आणली. एकोणीस! त्या वयात मी जर्नल कॉपी करत होतो. हिंदुस्थानातल्या पोरानं तोपर्यंत परकी भाषा मुरवायची, समुद्र ओलांडायचा (प्रायश्चित्ताचा खर्च वेगळा) आणि स्पर्धा जिंकायची. त्यावर रण पेटलं, मर्यादा नंतर पुन्हा वाढली, पण परीक्षा हिंदुस्थानातही घ्या ही मागणी प्रत्यक्षात यायला १९२२ साल उजाडलं, तेव्हा अलाहाबादला केंद्र मिळालं. आपले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये या परीक्षेत पहिले आले ते लंडनलाच. त्यांचं उदाहरण ‘बघा, मराठी माणूस करू शकतो’ म्हणून सगळे देतात. करू शकतो, वादच नाही. पण पहिला आलेला माणूस दाखवून दार रुंद होतं हे सिद्ध होत नाही.

स्वातंत्र्यानंतर काय बदललं? तीसेक वर्षं, फारसं काही नाही. भाषेचा पेपर सोडला तर बहुतेक उत्तरं इंग्रजीतच लिहायची. मग डॉ. दौलतसिंह कोठारी यांची समिती आली. तिचा अहवाल १९७६ चा, अंमल १९७९ पासून. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणा निर्णय हा. मुख्य परीक्षा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहा. इंग्रजीचा एक पेपर सक्तीचा, त्यात उतारा, सारांश, निबंध, व्याकरण सगळं, पण दर्जा मॅट्रिकचा आणि गुण फक्त पास होण्यापुरते. एका भारतीय भाषेचाही तसाच पेपर. म्हणजे इंग्रजी हा उंबरठा. ओलांडा आणि आत या. आत आल्यावर कोण पुढे कोण मागे हे इंग्रजी ठरवणार नाही. अधिकाऱ्याला इंग्रजी फाइल वाचता आली पाहिजे, हे मान्य. पण चांगली फाइल वाचणारा चांगला कलेक्टर होतो, हे कोणी सांगितलं? टेस्ट केस लिहिताना आपण पहिलं हेच विचारतो ना, की बाबा, तू नेमकं काय तपासतोयस?

तो उंबरठा २०११ मध्ये शिडी झाला. पूर्वपरीक्षेत सीसॅट आला. ८० प्रश्न, २०० गुण, त्यात गणित, तर्क आणि भरपूर उतारे. त्यातले आठ-नऊ प्रश्न निव्वळ इंग्रजी आकलनाचे, म्हणजे साधारण वीस-बावीस गुण. या उताऱ्यांचं हिंदी भाषांतर नाही. दर्जा दहावीचा, असं सांगितलं जायचं, आणि ते खोटं नव्हतं. पण जिथे एकेका गुणावर हजारो पोरं आत-बाहेर होतात तिथे वीस गुण म्हणजे डोंगर. बाकीचे उतारे इंग्रजी आणि हिंदीत. मराठी पोराला दोन्ही परकेच. त्यात ते हिंदी! ‘स्टील प्लांट’चं ‘लोहे का पौधा’ झालेलं उदाहरण तेव्हा पेपरांतून फार गाजलं. सुरुवातीच्या एका पेपरात इन्क्लुझिव्ह ग्रोथवर, म्हणजे सर्वांना सामावून घेणाऱ्या विकासावर उतारा होता. यावर काही बोलत नाही :)

मार्च २०१३ मध्ये आयोगानं आणखी एक पाऊल टाकलं. मुख्य परीक्षेत इंग्रजी आकलन आणि सारांशाचे १०० गुण थेट गुणवत्तेत धरायचे, भारतीय भाषेचा सक्तीचा पेपर काढायचा, आणि प्रादेशिक भाषेत पेपर लिहायचा तर त्या भाषेचे किमान २५ उमेदवार हवेत. महाराष्ट्रात सगळे पक्ष एकदम खवळले, संसदेत गोंधळ झाला, आणि महिना संपायच्या आत ते मागे घ्यावं लागलं. अभ्यासिकेतल्या पोरांचे ते तीन आठवडे कसे गेले असतील? अभ्यास कशाचा करायचा हेच माहीत नाही. दादा त्या महिन्यात आमच्याकडे एकदाही जेवायला आला नाही, एवढं आठवतं.

२०१४ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीत मुखर्जीनगरची पोरं रस्त्यावर उतरली. ४ ऑगस्टला सरकारनं जाहीर केलं की इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत धरणार नाहीत. परीक्षा २४ ऑगस्टला. वीस दिवस आधी! प्रॉडक्शनला जाण्याच्या आदल्या रात्री रिक्वायरमेंट बदलणारे फक्त आमच्याकडेच नसतात तर. २०१५ मध्ये अख्खा सीसॅट फक्त ३३ टक्के मिळवून पास होण्यापुरता ठेवला गेला. आपल्या एमपीएससीनं सीसॅट २०१३ मध्ये आणला आणि पास होण्यापुरता केला तो २०२२ मध्ये. म्हणजे फिरून कोठारींचा उंबरठाच. मधल्या वर्षांत ज्यांचे प्रयत्न संपले, वय संपलं, त्यातल्या २०११ च्या उमेदवारांना २०१५ मध्ये एक जादा संधी मिळाली. बाकीच्यांचं काय, ते तुम्हीच ओळखा.

एक कबुली देतो. हे सगळं लिहिताना मला सारखं वाटत होतं की मी त्या शिडीचा लाभार्थी आहे. माझा पहिला इंटरव्ह्यू असाच एका उताऱ्यानं सुरू झाला होता, ऑनलाइन टेस्टमध्ये, महागाई आणि व्याजदर यावरचा. रेपो रेट म्हणजे काय ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. उत्तरं मात्र बरोबर आली. माझ्याबरोबर बसलेल्या, कॉलेजात माझ्यापेक्षा सरस कोड लिहिणाऱ्या दोघांची नाही आली.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असा मजकूर छापला. चालू घडामोडी, दोन भाषांत, शेजारी शेजारी. इंग्रजी अडलं तर नजर बाजूला न्यायची, बस. दादाच्या वहीत पेन्सिलनं काढलेला उभा समास तसाच दिसतो, डावीकडे कात्रण, उजवीकडे मराठी. त्याला ‘दर्पण’ माहीत असेलही, पण ही त्याची नक्कल नव्हती. गरज तीच होती.

दादा २०१४ ची पूर्वपरीक्षा देऊनही पुढे गेला नाही. या वेळी इंग्रजीमुळे नाही, असं तो स्वतःच सांगतो. गावाकडे परतला, ग्रामसेवक झाला. रोजगार हमीची मस्टरं त्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं भरली. रविवारी रात्री मी त्या रोजगार योजनेच्या उताऱ्याचा फोटो काढून त्याला पाठवला. लाल पेनानं केलेल्या फुलीसकट.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘बरोबर उत्तर क च आहे. वही टाकू नको.’